पोर्तुगीज पासपोर्ट, चार वर्षांची बी. फार्म. आणि परदेशातला फार्मासिस्टचा परवाना

अंत्रुजकर

नमस्कार. माझी मुलगी गोव्यात बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षात शिकत आहे. पत्नीच्या वडिलांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला असल्यामुळे त्यांची जन्मनोंद लिस्बनला झाली, पाठोपाठ पत्नीची झाली, आणि आता मुलीचे कागदही तयार होत आले आहेत. त्यावरून घरात दोन तट पडले आहेत. स्विंडनला राहणारी मेहुणी म्हणते की पासपोर्ट हातात पडला की पोरीला इकडे पाठवा, फार्मसीत लगेच लागेल. मडगावच्या एका एजंटाने तर "युरोपीय नागरिकाला परीक्षाच नसते" असे छातीठोकपणे सांगून आगाऊ रक्कमही मागितली. थोरले बंधू मात्र दुबईचा आग्रह धरून बसले आहेत, कारण त्यांची हयात तिकडे गेली. मुलीला स्वतःला कॅनडा हवा आहे, पण तो का हवा आहे हे तिलाही नीट सांगता येत नाही.

परवाना नेमका कोण देतो, आपल्याकडची पदवी कुठे चालते आणि कुठे अडते, आणि उरलेल्या दीड वर्षात तिने काय करून ठेवावे, हे ज्यांनी ही वाट प्रत्यक्ष चालली आहे त्यांच्याकडून ऐकायचे आहे. एजंटांचे दर कृपया सांगू नयेत. ते मला पाठ झाले आहेत.

पेडण्याचे मास्तर

अंत्रुजकर बाब, एजंटाला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. मी आयुष्यभर फार्मसीच शिकवली असल्यामुळे हा घोळ दरवर्षी नव्याने पाहत आलो आहे. पासपोर्टामुळे त्या देशात राहण्याचा आणि नोकरी करण्याचा हक्क मिळतो. रुग्णाच्या हाती औषध देण्याचा हक्क मात्र तिथली फार्मसी परिषद देते, आणि ती पासपोर्टाकडे न पाहता पदवीकडे पाहते. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार पदवी खिशात असली तरी राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीत नाव चढेपर्यंत कोणी फार्मासिस्ट होत नाही, आणि त्याच कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार नोंदणीकृत फार्मासिस्टाखेरीज दुसऱ्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध द्यायचे नसते. म्हापशाच्या बाजारात हा नियम किती पाळला जातो हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

आता पदवीविषयी. आपल्याकडे तीन पायऱ्या आहेत: दोन वर्षांची डी. फार्म. आणि तिच्यापुढे ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, चार वर्षांची बी. फार्म., आणि २००८ पासून सुरू झालेली, शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपसह सहा वर्षांची फार्म. डी. परदेशी परिषदा सर्वांत आधी ही वर्षे मोजतात. गुण, सुवर्णपदक, प्रकल्प या गोष्टी नंतर येतात किंवा येतच नाहीत.

याचा सर्वांत मोठा फटका अमेरिकेसाठी बसतो. तिथे परदेशी पदवीधराला आधी नॅशनल असोसिएशन ऑफ बोर्ड्स ऑफ फार्मसी या संस्थेचे एफपीजीईसी प्रमाणपत्र मिळवावे लागते, आणि १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांसाठी किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम ही अट आहे. आपली बी. फार्म. चार वर्षांची असल्यामुळे ती उंबरठ्यावरच अडते. "सर, वर दोन वर्षांची एम. फार्म. केली, म्हणजे सहा वर्षे झाली ना?" असे विचारत किती मुले माझ्या घरी आली असतील याची मोजदाद नाही. नाही झाली. अट पहिल्या व्यावसायिक पदवीची आहे आणि एम. फार्म. तिच्यात मिळवता येत नाही. फार्म. डी. झालेल्याला मात्र वाट मोकळी आहे: कागदपत्रांची छाननी, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, एफपीजीईई ही फार्मसीची परीक्षा, मग एखाद्या राज्यात इंटर्न म्हणून ठरलेले तास, आणि शेवटी नॅप्लेक्स ही परवान्याची परीक्षा व त्या राज्याच्या कायद्याची परीक्षा. टोफेलच्या बोलण्याच्या भागात ३० पैकी २६ गुणांची अट वर्षानुवर्षे राहिली, आणि औषधशास्त्रात हुशार असलेली आमची मुले तिथेच पुनःपुन्हा अडकत असत.

म्हणून तुमच्या मुलीपुरते अमेरिकेचे दार सध्या बंद समजा. बाकीच्या देशांविषयी तिथे राहणाऱ्यांनी बोलावे.

साळावली ते बर्मिंगहॅम

मास्तरांनी पाया घातला आहे, त्यावर मी ब्रिटनपुरते लिहिते. मी सांगे तालुक्यातली. पदवी गोव्याची आणि गेली काही वर्षे इथे नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे.

अंत्रुजकर दादा, तुमच्या मेहुणीचा सल्ला २०२१ पूर्वी अर्धा बरोबर ठरला असता. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर पोर्तुगीज पासपोर्टावर आपले गोंयकार थेट येऊन काम करू शकत होते. १ जानेवारी २०२१ पासून तो मुक्त प्रवेश संपला. त्याआधी येऊन ज्यांनी सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड (म्हणजे तिथे राहण्याचा) दर्जा मिळवला त्यांचा हक्क टिकला, आणि नव्याने येणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला इतरांप्रमाणेच व्हिसा लागतो. फार्मासिस्टच्या परवान्यासाठी तर तेव्हाही भारतीय पदवीला पासपोर्टाचा आधार नव्हता.

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांची नोंदणी जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल करते. उत्तर आयर्लंडची परिषद वेगळी आहे. भारतात नोंदणी झालेल्या फार्मासिस्टला इथे ओस्पॅप नावाचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करावा लागतो. तो मोजक्याच विद्यापीठांत आहे; ॲस्टन, ब्रायटन, हर्टफर्डशर आणि संडरलँड ही नावे मला माहीत आहेत. प्रवेशासाठी आयेल्ट्स ॲकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेच्या चारही भागांत प्रत्येकी किमान ७ हवेत. सरासरी ७ आली आणि लेखनात साडेसहा मिळाले तर पुन्हा बसावे लागते. मी दोनदा बसले आहे. त्यानंतर ५२ आठवड्यांचे फाउंडेशन प्रशिक्षण, जे एखाद्या दुकानात किंवा रुग्णालयात पगारी नोकरी म्हणून मिळवायचे असते, आणि मग नोंदणी परीक्षा. पहिल्या पेपरात नुसती गणिते, चाळीस. दुसऱ्यात १२० प्रश्न. एकूण तीनच संधी मिळतात.

ती गणिते आपल्या मुलांना सोपी वाटतात आणि तिथेच ती फसतात, कारण उत्तर एका दशांशाने चुकले तर प्रत्यक्षात मुलाला दहापट औषध जाते, आणि त्याला अर्धे गुण देण्याची पद्धत नाही. पण मला खरा धक्का बसला तो प्रशिक्षणाच्या वर्षात. एक आजीबाई लघवीच्या जळजळीसाठी ट्रायमेथोप्रिमची चिठ्ठी घेऊन आल्या. मी गोळ्यांचे खोके काढले, लेबल लावले आणि पिशवीत घालणार, तोच माझ्या पर्यवेक्षिकेने विचारले, "त्या आणखी काय घेतात ते पाहिलेस का?" त्या संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेत होत्या. ही दोन औषधे एकत्र गेली तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी कोसळू शकतात. हे मी महाविद्यालयात शिकले होते, परीक्षेत लिहिलेही होते, पण काउंटरवर उभे राहून चिठ्ठी अडवायची आणि डॉक्टरला फोन लावायचा ही गोष्ट मला कोणी कधी करायला लावली नव्हती. इथे परवाना त्या फोनसाठी देतात. २०२६ पासून तर इथल्या नव्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणारे फार्मासिस्ट नोंदणीबरोबरच स्वतः औषध लिहून देण्यास पात्र होणार आहेत, म्हणजे जबाबदारी आणखी वाढेल.

अंत्रुजकर

ताई, मनापासून आभार. मेहुणीला हा मजकूर वाचून दाखवला. ती थोडी रुसली आहे, पण गप्प झाली. मग पोर्तुगीज पासपोर्टाचा युरोपात काहीच उपयोग नाही का? आयर्लंड आणि खुद्द पोर्तुगाल तर अजून संघातच आहेत.

पेडण्याचे मास्तर

उपयोग आहे, पण तो परीक्षा चुकवण्याचा नाही. युरोपीय संघाच्या २००५ च्या ३६ व्या निर्देशानुसार एका सदस्य देशातली फार्मसीची पदवी दुसऱ्या सदस्य देशात आपोआप मानली जाते. एजंट लोक हे वाक्य अर्धेच वाचतात. "सदस्य देशातली पदवी" असे शब्द आहेत, "सदस्य देशाच्या नागरिकाची पदवी" असे नाहीत. पणजीत मिळवलेली पदवी पोर्तुगीज नागरिकाच्या हातात असली तरी ती तिसऱ्या देशाचीच पदवी राहते.

पोर्तुगालमध्ये फार्मासिस्ट होण्यासाठी पाच वर्षांची एकात्मिक मास्टर्स पदवी असते आणि ऑर्डेम दोस फार्मासेउतिकोस या व्यावसायिक संस्थेचे सदस्यत्व अनिवार्य आहे. आपली पदवी तिथल्या एखाद्या विद्यापीठापुढे मान्यतेसाठी ठेवावी लागते. ते अभ्यासक्रमाची तुलना करून उरलेले विषय किंवा परीक्षा सांगू शकतात, आणि हे सगळे पोर्तुगीज भाषेत चालते. निर्देशात आणखी एक तरतूद आहे, जी फारशी कोणी सांगत नाही: एका सदस्य देशाने तिसऱ्या देशाची पदवी मान्य केली आणि त्या देशात तीन वर्षे व्यवसाय केला, तर दुसऱ्या सदस्य देशाकडे मान्यतेसाठी त्या आधारावर जाता येते. वाट लांबची आहे. पण ज्यांच्या घरात आजी अजून पोर्तुगीज बोलते आणि नातीला ती भाषा कानावरून गेलेली आहे, त्यांनी तिच्याकडे तुच्छतेने पाहू नये. व्हिसाची कटकट नसल्यामुळे अभ्यासाच्या काळात नोकरी करता येते, हा पासपोर्टाचा खरा फायदा.

आयर्लंडमध्ये फार्मास्युटिकल सोसायटी ऑफ आयर्लंड तिसऱ्या देशांच्या पदव्यांसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालवते. तिथे भाषेचा प्रश्न नाही, छाननी मात्र कडक आहे.

हायडेलबर्गचा बाळा

जर्मनीचे दोन शब्द. इथे परवान्याला आप्रोबात्सिओन म्हणतात आणि तो त्या त्या राज्याचा अधिकारी देतो. पदवी समकक्ष ठरली नाही, आणि आपली बहुधा ठरत नाही, तर ज्ञानपरीक्षा द्यावी लागते. त्याआधी व्यावसायिक भाषेची वेगळी परीक्षा असते, जिची पातळी सी १, म्हणजे बरीच वरची, धरली जाते. दरम्यान देखरेखीखाली काम करण्याचा तात्पुरता परवाना मिळू शकतो. मला जर्मन शिकायला जितका काळ लागला तितक्यात गावच्या देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला. भाषेची आवड नसेल तर या वाटेला जाऊ नये.

साष्टीची लेक

कॅनडा कोणी सांगितलेला दिसत नाही, म्हणून मी लिहिते. अंत्रुजकर काका, तुमच्या मुलीला कॅनडा का हवा हे तिला सांगता येत नसेल, तर मी सांगते: चार वर्षांची भारतीय बी. फार्म. तिथे छाननीस पात्र धरली जाते. तिच्या मैत्रिणींच्या बोलण्यातून हेच तिच्या कानावर आले असणार.

सुरुवात नॅप्राच्या, म्हणजे तिथल्या फार्मसी नियामक संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, फार्मासिस्ट्स गेटवे या नोंदणीपासून होते. मग फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडा, म्हणजे ज्याला आपण सगळे पीईबीसी म्हणतो, ते कागदपत्रे तपासते. त्यानंतर मूल्यमापन परीक्षा, आणि ती सुटली की पात्रता परीक्षेचे दोन भाग: पहिला बहुपर्यायी प्रश्नांचा, दुसरा ऑस्की, म्हणजे प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा. शेवटी आपल्या प्रांताच्या संस्थेच्या अटी पुऱ्या करायच्या. ऑन्टारियोत कायदा व नीतिशास्त्राची परीक्षा आणि पेस नावाचे प्रत्यक्ष कामाचे मूल्यमापन आहे. इतर प्रांतांत प्रशिक्षणाचे स्वरूप वेगळे आहे. क्वेबेकची तऱ्हा संपूर्ण निराळी: तिथे पीईबीसी लागत नाही, पण फ्रेंच लागते.

पहिले दोन टप्पे म्हणजे निव्वळ पाठांतर आणि चिकाटी. खरा डोंगर ऑस्की. एकामागून एक खोल्या असतात, प्रत्येक खोलीत रुग्णाची भूमिका करणारा माणूस बसलेला असतो, दारावर दोन-तीन ओळींची परिस्थिती लिहिलेली असते, आणि मोजक्या मिनिटांत त्याला काय हवे ते ओळखून, काय नको ते टाळून, त्याला समजेल अशा शब्दांत सांगायचे असते. मी पहिल्यांदा नापास झाले ते याच परीक्षेत. मुलाच्या कानदुखीसाठी ॲमॉक्सिसिलिनची चिठ्ठी घेऊन आलेल्या आईला मी वजनावरून मात्रा अचूक काढून दिली, बाटली कशी हलवायची ते सांगितले, आणि मुलाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का हे विचारायचेच विसरले. मडगावच्या ज्या दुकानात मी वर्षभर उमेदवारी केली, तिथे असा प्रश्न विचारला असता तर गिऱ्हाईक "तू डॉक्टर काय गो?" म्हणून दुसऱ्या दुकानात गेले असते. ही सवय लावून घ्यायला मला परीक्षेच्या तयारीपेक्षा जास्त वेळ लागला.

पोटापाण्यासाठी मी तोवर फार्मसी असिस्टंट म्हणून काम केले. त्यासाठी परवाना लागत नाही. इथे गोळ्या पट्टीतून कापून देत नाहीत. मोठ्या डब्यातून थाळीवर ओतून, चपट्या पट्टीने पाच-पाचच्या गटाने मोजून, नारिंगी कुपीत भरतात. पहिल्या आठवड्यात माझे हात थरथरत. पॅरासिटामॉल म्हटले की समोरचा बघत राही, कारण इथे त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. दम्याच्या सॅल्ब्युटामॉलला इथे सॅल्ब्युटामॉलच म्हणतात, पण सीमा ओलांडून अमेरिकेत गेलात की ते अल्ब्युटेरॉल होते.

टोरांटो विद्यापीठाचा परदेशी पदवीधरांसाठीचा जोडअभ्यासक्रम आहे. तो खर्चिक आहे, पण माझ्यासारखीला त्याचाच हात मिळाला. तो करण्याआधीची परीक्षा आणि केल्यानंतरची परीक्षा यांत मला जमीन-अस्मानाचा फरक जाणवला.

बारावी विज्ञान

मी सांखळीचा विद्यार्थी आहे. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे वडील डी. फार्म. करायला सांगतात. त्यानंतर परदेशी जाता येईल का?

पेडण्याचे मास्तर

मुला, फार्मासिस्ट म्हणून नाही. डी. फार्म. झाल्यावर गोव्यात नोंदणी होते, स्वतःचे दुकान काढता येते, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या सर्व ठिकाणी फार्मासिस्टची किमान पायरी पदवीची आहे. आखातात डी. फार्म. वाल्याला फार्मसी टेक्निशियन किंवा तशा पदावर परवाना मिळू शकतो. डी. फार्म. नंतर बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, तेव्हा वडिलांचे ऐकूनही पुढची वाट उघडी राहते. आणखी एक लक्षात ठेव: २०२२ च्या नियमांनी डी. फार्म. नंतर नोंदणीसाठी एक्झिट परीक्षेची तरतूद केली आहे, तेव्हा प्रवेश घेताना त्याची सद्यःस्थिती कौन्सिलकडे विचारून घे.

खाडीपार

आखाताविषयी मीच लिहितो. अकरा वर्षे दुबईत फार्मासिस्ट होतो आणि आता म्हापशाला माझे स्वतःचे दुकान आहे. अंत्रुजकर बाबांच्या थोरल्या बंधूंचा आग्रह मला समजतो, कारण तिथे इतर देशांच्या मानाने लवकर लागता येते. पण "लवकर" म्हणजे "सहज" नव्हे.

अमिरातीत तीन दारे आहेत: दुबईसाठी डीएचए हे तिथले आरोग्य प्राधिकरण, अबूधाबीसाठी डीओएच हा तिथला आरोग्य विभाग, आणि शारजासह उरलेल्या अमिरातींसाठी आरोग्य मंत्रालय. सौदीत सौदी कमिशन फॉर हेल्थ स्पेशालिटीज आहे, तिथे फार्मासिस्टची वेगळी परीक्षा आणि मुमारिस प्लस ही नोंदणीची ऑनलाइन प्रणाली आहे. कतार, ओमान, बहरीन, कुवेत यांची आपापली व्यवस्था आहे. सौदी आणि ओमानमध्ये स्थानिकांना प्राधान्य देण्याचे धोरण दरवर्षी कडक होत गेल्याने तिथल्या दुकानांतल्या जागा आपल्या लोकांसाठी आक्रसत चालल्या आहेत, हे जाताना ध्यानात ठेवावे.

संगणकावरची प्रोमेट्रिक परीक्षा ही या सगळ्यातली सोपी गोष्ट आहे. माणूस मरतो तो डाटाफ्लोमध्ये. डाटाफ्लो म्हणजे मूळ स्रोताकडून पडताळणी: तुमच्या पदवीविषयी विद्यापीठाला, नोंदणीविषयी कौन्सिलला आणि अनुभवाविषयी जुन्या मालकाला परस्पर विचारले जाते. माझी पदवी १९८५ च्या आधीची. त्या वर्षी गोवा विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी इथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. त्यामुळे मी पणजीत शिकलो, परीक्षा पणजीत दिली, आणि पदवीच्या पडताळणीसाठी कोकणकन्येने दोनदा मुंबई गाठली. हल्लीच्या मुलांना ते दुखणे नाही.

अनुभवाची गोष्ट त्याहून अवघड झाली. मी दुबईला जाण्याआधी ज्या दुकानात चार वर्षे होतो, ते पुढे बंद झाले आणि मालकही वारले. दुकानाला ईमेल कधी नव्हताच. पत्रावर जो दूरध्वनी क्रमांक होता, तो आता एका बेकरीत वाजत होता. शेवटी कामी आला तो औषध प्रशासनाकडचा जुना कागद. किरकोळ विक्रीच्या फॉर्म २० आणि २१ च्या परवान्यासाठी दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट दाखवावा लागतो, आणि माझी नेमणूक कधी कळवली व मी कधी सोडले, हे तिथल्या नोंदीत सापडले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की दुकान सोडताना अनुभवपत्रावर नोंदणी क्रमांक, कामावर लागल्याची आणि सोडल्याची तारीख, आणि परवान्याचा क्रमांक लिहून घ्या, आणि औषध प्रशासनाला कळवल्याची पोचही जपून ठेवा.

इथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. वेर्णे किंवा कुंडईच्या कारखान्यात दिवसाची नोकरी करायची आणि आपले सर्टिफिकेट महिन्याच्या भाड्याने एखाद्या दुकानाच्या भिंतीवर टांगायचे, ही पद्धत आपल्याला नवी नाही. ते बेकायदेशीर आहेच, शिवाय ते डाटाफ्लोत उघडे पडते. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत एका तारखेला तुम्ही कारखान्यात असता आणि अनुभवपत्रात त्याच तारखेला दुकानात. एकदा प्रतिकूल अहवाल आला की तो दुसऱ्या आखाती देशात अर्ज करतानाही आडवा येतो. कारखान्यातला गुणवत्ता विभागाचा खरा अनुभवही दुकानातल्या फार्मासिस्टच्या परवान्यासाठी सहसा धरत नाहीत. गोव्यात औषध कारखाने भरपूर असल्यामुळे आपली मुले पदवीनंतर तिकडेच वळतात आणि चार-पाच वर्षांनी हे ऐकून हबकतात.

दुबईत परीक्षा आणि पडताळणी झाली की पात्रतापत्र मिळते. नोकरी देणाऱ्या दुकानाने ते आपल्या नावाखाली सक्रिय केल्यावरच परवाना होतो, त्यामुळे मालक बदलायचा म्हणजे परवानाही हलवायचा. माझ्या एका मालकाने त्यासाठी मला चार महिने रखडवले होते.

मेलबर्नहून

ऑस्ट्रेलिया थोडक्यात. चार वर्षांची बी. फार्म. चालते. ऑस्ट्रेलियन फार्मसी कौन्सिल पदवी तपासते आणि मग ओप्रा परीक्षा घेते. २०२५ पूर्वी इथे केएपीएस होती, तिचे दोन पेपर असत. ओप्राचा एकच आहे. जुन्या केएपीएसच्या टिपा विकणारे अजून फिरत आहेत, त्या घेऊ नयेत. त्यानंतर इंग्रजीचा पुरावा, फार्मसी बोर्डाकडे तात्पुरती नोंदणी, सुमारे वर्षभराची पगारी इंटर्नशिप, इंटर्न प्रशिक्षण कार्यक्रम, लेखी परीक्षा आणि तोंडी परीक्षा. न्यूझीलंडच्या परिषदेतही ओप्राचा उपयोग होतो.

तोंडी परीक्षा ही ऑस्कीची सख्खी बहीण आहे. इथे काही औषधे चिठ्ठीशिवाय मिळतात, पण फार्मासिस्टने स्वतः बोलून खात्री केल्यावरच. दम्याचा सॅल्ब्युटामॉल इनहेलर त्यांपैकी एक. गिऱ्हाईक घाईत असते, आणि ते आठवड्यातून कितीदा फवारा घेते हे विचारून, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवायचे असते. परीक्षकही नेमके हेच विचारतो.

साळावली ते बर्मिंगहॅम

सगळ्यांचे लिहून झाल्यावर एक राहून गेलेली गोष्ट, जी गोंयकारांनाच छळते: नावाचे स्पेलिंग. माझ्या जन्मदाखल्यावर नाईक हे आडनाव पोर्तुगीज वळणाने, शेवटी क्यू, यू, ई लावून आहे. शाळेच्या दाखल्यावर तेच शेवटी के लावून आहे, आणि लग्नानंतर पासपोर्टावर तिसरेच. गावकरात कुठे सी असतो, कुठे के. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, पण इथली संस्था ही तीन वेगळी माणसे समजते. मी ऐनवेळी प्रतिज्ञापत्रे करत बसले आणि एक वर्ष हुकले. गोव्यात नाव-आडनाव बदलाचा १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. ज्यांचे पोर्तुगीज कागद चालू आहेत त्यांनी तर विशेष जपावे, कारण लिस्बनच्या नोंदीत जे स्पेलिंग गेले, तेच पुढे पासपोर्टावर येते, आणि पदवीवर भलतेच असते.

अंत्रुजकर

ताईंचे वाचून तातडीने कपाट उघडले. मुलीच्या जन्मदाखल्यावर आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनावात एका अक्षराचा फरक निघाला आहे. पदवी प्रमाणपत्र अजून छापलेले नाही, हे नशीब. सोमवारी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जातो आहे.

आणखी एक विचारतो. तिने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले म्हणजे भारतीय नागरिकत्व जाणार. उद्या काही कारणाने परत येऊन गोव्यातच दुकान काढावेसे वाटले, तर?

पेडण्याचे मास्तर

ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे कार्ड, घ्यावे लागेल. केंद्र सरकारच्या २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांना डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका आणि फार्मासिस्ट हे व्यवसाय अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने, त्या त्या कायद्याच्या अटी पाळून, करता येतात. तरीही माझा सल्ला असा, की निकाल लागला की पासपोर्टाच्या आधी तिने गोवा राज्य फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी करून घ्यावी. कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचे, म्हणजे नोंदणी चालू व निर्दोष असल्याचे, पत्र प्रत्येक देश मागतो, ते काही महिनेच ताजे धरले जाते आणि नोंदणी नूतनीकरण केलेली नसेल तर ते मिळत नाही. विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्टही (विषयवार गुणांचा अधिकृत उताराही) बंद पाकिटात किंवा परस्पर पाठवावे लागते. तुम्ही उघडून पाहिले की ते बाद.

साष्टीची लेक

काका, आणि तिला आत्ता सुट्टीत कोणत्या तरी खऱ्या दुकानात किंवा बांबोळीसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या फार्मसीत उभी करा. पगार नसला तरी चालेल. येणाऱ्या प्रत्येकाला ॲलर्जी आणि चालू औषधे यांविषयी विचारायचे, लोक चिडले तरी विचारायचे. तिने तिथे महिनाभर काढला तर मला निरोप पाठवायला सांगा, ऑस्कीची माझी जुनी वही मी तिला देईन.

खाडीपार

म्हापसा लांब वाटत नसेल तर माझ्या दुकानात येऊ दे. शुक्रवारी बाजार असतो, त्या दिवशी गर्दीत विचारायचे प्रश्न विचारता आले तर कुठेही येतील. नाव नोंदवहीत रीतसर प्रशिक्षणार्थी म्हणून घालीन, तारखांसकट.

अंत्रुजकर

येत्या शुक्रवारी तिला घेऊन येतो. दुकानाचा पत्ता कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावा.